डॉकर कंटेनरमध्ये पोस्टग्रेस: कंटेनर गेला तरी डेटा शाबूत राहील अशी मांडणी

रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती टेबलांत ठेवणाऱ्या डेटाबेसची, कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. पोस्टग्रेस प्रकल्प १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे आजचे नाव मिळाले. या साऱ्या घडणीमागे एक गृहीत होते: ज्या संगणकावर डेटाबेस बसवला तो संगणक जागेवर राहील आणि त्याची डिस्क उद्याही तीच असेल. प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यांत चालवणाऱ्या आणि २०१३ मध्ये लोकांसमोर आलेल्या डॉकरचे गृहीत याच्या नेमके उलट आहे. कंटेनर कधीही पुसावा, कधीही नवा उभारावा आणि त्याच्या आत लिहिलेले त्याच्यासोबत जावे, असे डॉकर मानतो. कंटेनरमध्ये डेटाबेस बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या दोन गृहीतांच्या टकरीतून येतात, म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा: हा कंटेनर आत्ता पुसला, तर काय उरेल?

उदाहरणादाखल आपण एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची आणि देवघेवीच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस घेऊ. लेखातील कमांड, फाइलींची नावे आणि सेटिंग उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टंकावी लागतील. पोस्टग्रेसच्या इमेजला, म्हणजे कंटेनर ज्यापासून उभा राहतो त्या तयार साच्याला, द्यायची सेटिंग सर्व मोठ्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

पूर्वतयारी

लिनक्सवर डॉकर इंजिन आणि त्याचे कंपोज प्लगइन (एका फाइलीत लिहिलेल्या मांडणीनुसार कंटेनर चालवणारी सोय) पुरेसे आहे. विंडोज व मॅकवर डॉकर डेस्कटॉप बसवावे, आणि विंडोजवर ते डब्ल्यूएसएल २ च्या (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याच्या सोयीच्या) आधारे चालू द्यावे. बसवून झाल्यावर ‘डॉकर कंपोज व्हर्जन’ ही कमांड आवृत्तीचा क्रमांक दाखवते का ते पाहावे. लिनक्सवर प्रत्येक वेळी कमांडपूर्वी सुडो (प्रशासकाचे अधिकार मागणारा शब्द) लिहावे लागू नये म्हणून आपला वापरकर्ता ‘डॉकर’ नावाच्या गटात घालण्याची रीत आहे. मात्र या गटातील माणसाला त्या संगणकावर जवळजवळ रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याइतकेच अधिकार मिळतात, त्यामुळे सामायिक सर्व्हरवर हा गट सरसकट वाटू नये.

यानंतर ‘ग्रंथसूची’ नावाचा एक फोल्डर करावा. आपली सगळी मांडणी, म्हणजे कंपोज फाइल, पासवर्डची फाइल आणि पहिल्या वेळी चालवायच्या स्क्रिप्ट, याच फोल्डरमध्ये राहील.

इमेज कोणती घ्यावी

डॉकर हबवर ‘पोस्टग्रेस’ या नावाची अधिकृत इमेज आहे. तिच्यापुढे टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लिहिला नाही, तर ‘लेटेस्ट’ हा टॅग गृहीत धरला जातो, आणि डेटाबेसच्या बाबतीत हे टाळावेच. आज लेटेस्ट म्हणजे एक मुख्य आवृत्ती असेल आणि काही महिन्यांनी दुसरी. पण पोस्टग्रेसच्या एका मुख्य आवृत्तीने लिहिलेल्या फाइली दुसरी मुख्य आवृत्ती वाचत नाही. नवी इमेज ओढली गेली की कंटेनर चालू होण्यासच नकार देतो, आणि हे नेमके गर्दीच्या दिवशी घडते.

टॅगमध्ये केवळ ‘१७’ न लिहिता ‘१७-बुकवर्म’ असे लिहावे, असे माझे मत आहे. बुकवर्म हे इमेजच्या पायाशी असलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्तीचे नाव आहे. पाया बदलला की त्यातील सी लायब्ररी (प्रोग्रॅम ज्यावर विसंबतात तो प्रणालीचा मूळ भाग) बदलते आणि तिच्याबरोबर अक्षरांच्या क्रमवारीचे नियमही बदलू शकतात. मजकुराच्या स्तंभावरील इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) ज्या क्रमाने रचलेला असतो तो क्रम नव्या लायब्ररीला मान्य नसला, तर असलेली नोंद सापडत नाही किंवा एकमेव असायला हवी ती नोंद दोनदा शिरते. पोस्टग्रेस अशा वेळी कोलेशनची, म्हणजे क्रमवारीच्या नियमांची, आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा देतो. तो दिसल्यास इंडेक्स पुन्हा बांधून मगच ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ चालवावे. टॅगमध्ये डेबियनचे नाव असले की हा बदल आपण ठरवू तेव्हाच होतो.

आकाराने लहान म्हणून अल्पाइन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली इमेज अनेकजण निवडतात. तिच्यात मसल ही वेगळी सी लायब्ररी असते आणि भाषेनुसार क्रमवारीच्या बाबतीत ती तोकडी आहे. डेटाबेसच्या इमेजमध्ये वाचणारी जागा या अडचणीच्या तुलनेत किरकोळ आहे.

डेटा कुठे राहणार

साऱ्या मांडणीचा कणा इथे आहे, म्हणून येथे घाई करू नये. कंटेनरबाहेर डेटा ठेवण्याचे दोन मार्ग आहेत: आपल्या संगणकावरील एखादा फोल्डर कंटेनरला जोडणे, किंवा डॉकरच सांभाळत असलेला, नाव दिलेला व्हॉल्यूम जोडणे. पहिला मार्ग डोळ्यांना दिसतो म्हणून सोपा वाटतो, पण त्यात फाइलींच्या मालकीचा प्रश्न येतो. डेबियनच्या इमेजमध्ये पोस्टग्रेसचा वापरकर्ता क्रमांक ९९९ आहे, अल्पाइनमध्ये ७०, आणि आपल्या संगणकावरील आपला क्रमांक बहुधा यांपैकी कोणताच नसतो. शिवाय मॅक आणि विंडोजवर असा जोडलेला फोल्डर दोन प्रणालींच्या सीमेवरून वाचला जात असल्याने संथ चालतो. म्हणून नाव दिलेला व्हॉल्यूम घ्यावा. आपण त्याला ‘ग्रंथसाठा’ म्हणू.

आता तो कंटेनरच्या आत नेमका कोठे जोडायचा? आवृत्ती १७ आणि त्यापूर्वीच्या इमेजसाठी जागा आहे ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा’. शेवटचा ‘डेटा’ हा शब्द राहून गेला तर काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका वाचनालयाच्या नोंदी मी अशाच मांडणीत ठेवल्या होत्या आणि व्हॉल्यूम एक पायरी वर, म्हणजे ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल’ येथे जोडला होता. इमेजमध्ये ‘डेटा’ या फोल्डरसाठी स्वतंत्र व्हॉल्यूम घोषित केलेला असतो. आपण तेथे काही जोडले नाही की डॉकर निनावी व्हॉल्यूम तयार करून तेथे जोडतो. त्यामुळे सगळे सुरळीत चालले, कंटेनर थांबवून पुन्हा सुरू केला तरी नोंदी जागेवर होत्या, आणि ज्या व्हॉल्यूमवर माझी भिस्त होती तो मात्र पूर्ण वेळ रिकामा होता. अनेक आठवड्यांनी मी ‘डॉकर कंपोज डाउन’ चालवून मांडणी पुन्हा उभी केली, तेव्हा डेटाबेस कोरा निघाला. सुदैवाने निनावी व्हॉल्यूम पुसला गेला नव्हता. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ने दाखवलेल्या चौसष्ट अक्षरांच्या नावांमधून तो शोधून काढला आणि नोंदी परत मिळाल्या. त्या दरम्यान जागा मोकळी करण्यासाठी कोणी ‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ चालवले असते, तर मिळाल्या नसत्या.

आवृत्ती १८ पासून इमेजची ही रचना बदलली आहे. तेथे डेटा आवृत्तीच्या क्रमांकाच्या उपफोल्डरमध्ये जातो आणि व्हॉल्यूम ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल’ येथेच जोडायचा असतो. म्हणजे १७ साठी जी चूक होती तीच १८ साठी बरोबर रीत ठरली आहे. जुनी कंपोज फाइल नव्या आवृत्तीसाठी जशीच्या तशी उचलू नये.

पासवर्ड

इमेजला पहिल्या वेळी मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड द्यावाच लागतो. तो ‘पोस्टग्रेस_पासवर्ड’ या सेटिंगमध्ये थेट लिहिता येतो, पण मग तो कंपोज फाइलमध्ये राहतो, गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) जातो आणि ‘डॉकर इन्स्पेक्ट’ चालवणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. त्याऐवजी सेटिंगच्या नावापुढे ‘_फाइल’ जोडावे आणि किंमत म्हणून फाइलीचा पत्ता द्यावा. ग्रंथसूची फोल्डरमध्ये ‘गुपित’ नावाचा उपफोल्डर करून त्यात पासवर्डची फाइल ठेवावी, ती फक्त मालकाला वाचता येईल अशी परवानगी द्यावी आणि गिटने वगळायच्या फाइलींची यादी असलेल्या गिटइग्नोरमध्ये त्या उपफोल्डरचे नाव टाकावे. कंपोजच्या ‘सीक्रेट्स’ या विभागात ही फाइल नोंदवली की कंटेनरमध्ये ती ‘/रन/सीक्रेट्स’ या फोल्डरखाली दिसते.

एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. वापरकर्ता, पासवर्ड आणि डेटाबेसचे नाव ही तिन्ही सेटिंग केवळ डेटा फोल्डर रिकामा असतानाच वाचली जातात. नंतर फाइलीतील पासवर्ड बदलून कंटेनर कितीही वेळा चालू केला, तरी डेटाबेसमधील पासवर्ड जुनाच राहतो. तो बदलायचा असेल तर पीएसक्यूएल या पोस्टग्रेसला कमांड देण्याच्या साधनात शिरून बॅकस्लॅशसह ‘पासवर्ड’ ही कमांड वापरावी.

कंपोज फाइल

एक लांबलचक ‘डॉकर रन’ कमांड लिहूनही कंटेनर चालवता येतो, पण ती कमांड कोणाच्याही लक्षात राहत नाही. कंपोज फाइल हीच मांडणीची लेखी नोंद असते. फोल्डरमध्ये ‘कंपोज.यामल’ ही फाइल उघडावी. जुन्या लेखांत दिसणारी सुरुवातीची ‘व्हर्जन’ ही ओळ आता अनावश्यक आहे. ‘सर्व्हिसेस’ या शीर्षकाखाली ‘डीबी’ नावाची एक सेवा लिहावी. यामल फाइलीत ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. प्रत्येक पातळीला दोन जागा सोडाव्यात, टॅब वापरू नये.

सेवेत इमेज म्हणून ‘पोस्टग्रेस:१७-बुकवर्म’ लिहावी आणि ‘रीस्टार्ट’पुढे ‘अनलेस-स्टॉप्ड’, म्हणजे वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला की डेटाबेसही आपोआप उठेल. ‘एन्व्हायर्नमेंट’मध्ये ‘पोस्टग्रेस_यूजर’ची किंमत ‘ग्रंथपाल’, ‘पोस्टग्रेस_डीबी’ची ‘ग्रंथालय’ आणि पासवर्डच्या फाइलीचा पत्ता द्यावा. डेटाबेसचे नाव दिले नाही तर वापरकर्त्याचेच नाव डेटाबेसला दिले जाते. ‘व्हॉल्यूम्स’मध्ये ग्रंथसाठा, अपूर्णविरामाचे चिन्ह (:) आणि वर सांगितलेला पत्ता लिहावा.

फाइलीच्या तळाशी, सेवांच्या बाहेर, व्हॉल्यूमची घोषणा पुन्हा करावी लागते. तेथे ‘नेम’ ही ओळ घालून नाव पक्के करावे. ती ओळ नसेल तर कंपोज व्हॉल्यूमच्या नावामागे प्रकल्पाचे, म्हणजे सहसा फोल्डरचे, नाव चिकटवतो. मग कोणी फोल्डरचे नाव बदलले की पुढच्या वेळी नवा कोरा व्हॉल्यूम तयार होतो, आणि जुना जागेवर असूनही डेटा हरवल्याचा भास होतो.

पोर्टबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पोस्टग्रेसचा पोर्ट, म्हणजे जोडणी स्वीकारण्याचा क्रमांक, ५४३२ आहे. ‘पोर्ट्स’खाली केवळ ‘५४३२:५४३२’ असे लिहिले, तर डॉकर तो संगणकाच्या प्रत्येक नेटवर्क पत्त्यावर उघडतो, आणि लिनक्सवर तो स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये लिहीत असल्याने यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनाने बंद केलेला पोर्टही बाहेरून खुला राहतो. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर याचा अर्थ डेटाबेस थेट इंटरनेटवर येणे असा होतो. म्हणून ‘१२७.०.०.१:५४३२:५४३२’ असे पूर्ण लिहावे, म्हणजे पोर्ट केवळ त्याच संगणकावरून दिसेल. संगणकावर आधीच एखादा पोस्टग्रेस चालत असेल, तर मधला आकडा ५४३३ करावा.

डेटाबेस वापरणारे ॲप्लिकेशनही याच कंपोज फाइलीत दुसरी सेवा म्हणून असेल, तर ‘पोर्ट्स’ हा विभाग मुळी लागतच नाही. एका फाइलीतील सेवा आपसांत नावाने बोलतात. ॲप्लिकेशनने सर्व्हरचा पत्ता म्हणून ‘डीबी’ आणि पोर्ट म्हणून ५४३२ द्यावा. तेथे लोकलहोस्ट, म्हणजे ‘हाच संगणक’, लिहिले तर ॲप्लिकेशन स्वतःच्याच कंटेनरमध्ये डेटाबेस शोधू लागते. बाहेरचा पोर्ट ५४३३ केला असला, तरी आतून तो ५४३२ च असतो.

पहिली सुरुवात आणि पहिली परीक्षा

‘डॉकर कंपोज अप -डी’ ही कमांड द्यावी आणि लगेच ‘डॉकर कंपोज लॉग्ज -एफ डीबी’ने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी, पाहावा. डेटाबेस जोडणी स्वीकारण्यास तयार असल्याची ओळ पहिल्या वेळी दोनदा उमटते. इमेज आधी एक तात्पुरता सर्व्हर चालवते, त्यावर वापरकर्ता व डेटाबेस तयार करते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर सुरू करते. पहिली ओळ तात्पुरत्याची असते, म्हणून दुसरी दिसेपर्यंत थांबावे.

त्यानंतर ‘डॉकर कंपोज एक्झेक डीबी पीएसक्यूएल -यू ग्रंथपाल -डी ग्रंथालय’ असे लिहून आत जावे. येथील ‘यू’ मोठे असते आणि ‘डी’ लहान. पासवर्ड विचारला गेला नाही, तर पासवर्ड लागू झालाच नाही असे समजू नये. कंटेनरच्या आतून येणाऱ्या जोडणीवर इमेज विश्वास ठेवते. पासवर्डची खरी चाचणी बाहेरून, उघडलेल्या पोर्टवरून जोडणी करूनच होते.

आता एक छोटे टेबल करावे आणि त्यात एक नोंद घालावी. बाहेर येऊन ‘डॉकर कंपोज डाउन’ चालवावे. कंटेनर पुसला जाईल. पुन्हा ‘अप -डी’ करून ती नोंद दिसते का ते पाहावे. ही परीक्षा आजच, टेबलात एकच नोंद असताना करावी. मी हीच पायरी गाळली होती. ती केली असती, तर व्हॉल्यूमची जागा चुकल्याचे मला त्याच दिवशी कळले असते. ‘डाउन’पुढे ‘-व्ही’ लावले की फाइलीत घोषित केलेले व्हॉल्यूमही जातात, म्हणून ती खूण हाताला वळणी पडू देऊ नये.

ॲप्लिकेशनसाठी वेगळा वापरकर्ता

ग्रंथपाल हा वापरकर्ता सुपरयूजर आहे, म्हणजे त्याला कोणतीही आडकाठी नाही. रोजच्या ॲप्लिकेशनने त्याच्या नावाने काम करू नये. आपण ‘देवघेव’ नावाचा साधा वापरकर्ता करू आणि त्याच्याच मालकीचा एक स्कीमा, म्हणजे टेबलांचा स्वतंत्र कप्पा, त्याला देऊ. आवृत्ती १५ पासून ‘पब्लिक’ स्कीमात कोणीही टेबल तयार करण्याची मुभा काढून घेतली गेली असल्याने, वेगळा स्कीमा देणे अधिक सरळ पडते.

हे काम हाताने न करता एसक्यूएल स्क्रिप्टमध्ये लिहावे आणि तो फोल्डर कंटेनरमधील ‘/डॉकर-एंट्रीपॉइंट-इनिटडीबी.डी’ येथे केवळ वाचण्यासाठी जोडावा. तेथील एसक्यूएल आणि शेल स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने चालतात, म्हणून नावांच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे द्यावेत. त्यासुद्धा डेटा फोल्डर रिकामा असतानाच चालतात. स्क्रिप्ट मध्येच चुकून थांबली, तर कंटेनर बंद पडतो, पण डेटा फोल्डर तोवर भरलेला असतो. ‘रीस्टार्ट’ लावलेले असल्याने कंटेनर पुन्हा उठतो, उरलेल्या स्क्रिप्ट गाळून निमूटपणे चालू होतो, आणि वरवर पाहता सगळे ठीक दिसते. त्यामुळे पहिल्या सुरुवातीचा लॉग शेवटपर्यंत वाचावा. चूक आढळल्यास, डेटा अजून कोरा असल्याची खात्री करून, याच टप्प्यावर व्हॉल्यूम पुसून नव्याने सुरुवात करणे योग्य असते.

अकारविल्हे

मराठी ग्रंथसूचीसाठी हा भाग महत्त्वाचा आहे, आणि डेटाबेसच्या मार्गदर्शक लेखांत तो क्वचितच येतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढची जागा आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावले तर ‘कल, कळ, कवच, कहर’ अशी यादी मिळते, आणि वाचकाला अपेक्षित असते ‘कल, कवच, कहर, कळ’. इमेज मूळ स्वरूपात अमेरिकी इंग्रजीच्या मांडणीने डेटाबेस तयार करते, त्यामुळे मराठीचा क्रम आपण सांगितल्याशिवाय तिला कळणार नाही.

सोय मात्र आत उपलब्ध आहे. आयसीयू या लायब्ररीतील मराठी क्रमवारी पोस्टग्रेसमध्ये ‘एमआर-एक्स-आयसीयू’ या नावाने तयार असते. ग्रंथनाम आणि लेखक हे स्तंभ घोषित करतानाच त्यांच्यापुढे ‘कोलेट’ लिहून हे नाव द्यावे. नावात आडव्या रेघा असल्याने ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे लागते. संपूर्ण डेटाबेसच मराठी क्रमाने उभारता येतो, त्यासाठी ‘पोस्टग्रेस_इनिटडीबी_आर्ग्ज’ या सेटिंगमध्ये आयसीयू आणि मराठी लोकेल सांगायचे. मला स्तंभाच्या पातळीवरचा निर्णय अधिक पसंत आहे, कारण तो टेबलाच्या व्याख्येतच दिसतो आणि पुढे बदलताना सगळा डेटाबेस नव्याने उभारावा लागत नाही. वरचे चार शब्द घालून क्रम एकदा डोळ्यांनी तपासावा.

याच्याच शेजारचा एक प्रश्न शोधाचा आहे. ‘पुऱ्या’मधील ‘ऱ’ हा एका संकेतांकाने लिहिता येतो आणि ‘र’ व नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण डेटाबेसच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. नोंद साठवताना मजकूर ‘नॉर्मलाइझ’ या फंक्शनमधून काढला की हा भेद मिटतो.

तयार आहे की नाही हे कसे ओळखावे

कंटेनर सुरू झाला म्हणजे डेटाबेस तयार झाला असे नव्हे. कंपोज फाइलीत ‘हेल्थचेक’ लिहून ‘पीजी_इजरेडी’ ही कमांड दर दहा सेकंदांनी चालवावी, आणि ॲप्लिकेशनच्या ‘डिपेंड्स_ऑन’मध्ये ‘सर्व्हिस_हेल्दी’ ही अट घालावी. या कमांडला ‘-एच १२७.०.०.१’ असा पत्ता आवर्जून द्यावा. पहिल्या सुरुवातीचा तो तात्पुरता सर्व्हर केवळ युनिक्स सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कशिवायच्या आतल्या जोडणीवर, ऐकत असतो. पत्ता दिला नाही तर तपासणी त्याच्याशीच बोलते, सारे तयार असल्याचे सांगते, आणि ॲप्लिकेशन नेमके दोन सर्व्हरांच्या मधल्या फटीत जाऊन आपटते.

उरलेली काही सेटिंग थोडक्यात सांगतो. ‘एसएचएम_साइझ’ २५६ मेगाबाइट करावे; डॉकर मुळात ६४ च देतो आणि मोठ्या क्वेरी अनेक प्रक्रियांत वाटून चालू लागल्या की डिस्कवर जागा असतानाही जागा संपल्याची त्रुटी येते. ‘स्टॉप_ग्रेस_पीरियड’ एक मिनिट ठेवावे, कारण डॉकर दहा सेकंद वाट पाहून प्रक्रिया सक्तीने मारतो. पोस्टग्रेस त्यातून सावरतो, पण पुढची सुरुवात लांबते. ‘शेअर्ड_बफर्स’ मुळात १२८ मेगाबाइट असते. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर एकूण मेमरीच्या पाव भागापासून सुरुवात करावी. ‘लॉगिंग’मध्ये फाइलीचा कमाल आकार आणि फाइलींची संख्या ठरवून द्यावी, अन्यथा लॉगची फाइल अमर्याद वाढत राहते.

बॅकअप

व्हॉल्यूम कंटेनर पुसण्यापासून वाचवतो. डिस्क बिघडण्यापासून किंवा चुकीच्या ‘डिलीट’पासून वाचवत नाही. चालू डेटाबेसच्या व्हॉल्यूममधील फाइलींची नुसती नक्कल करणे म्हणजेही बॅकअप नव्हे, कारण नक्कल होत असताना फाइली बदलत असतात आणि हाती येते ते परस्परांशी न जुळणारे तुकडे. ‘पीजी_डंप’ डेटाबेसशी रीतसर बोलून एका क्षणाचे सुसंगत चित्र काढतो, आणि त्यासाठी कामकाज थांबवावे लागत नाही.

कमांड अशी: ‘डॉकर कंपोज एक्झेक -टी डीबी पीजी_डंप -यू ग्रंथपाल -एफसी ग्रंथालय’, आणि तिच्यापुढे मोठेपणाचे चिन्ह (>) देऊन तारखेसह फाइलीचे नाव. येथील ‘टी’, ‘यू’, ‘एफ’ मोठे आणि ‘सी’ लहान. ‘-टी’ विसरू नये. ती नसेल तर कंपोज टर्मिनल जोडू पाहतो. त्यातून जाणारी बायनरी फाइल बिघडू शकते, आणि हाताने चाललेली कमांड क्रॉन या ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनातून, जेथे टर्मिनलच नसते, चालत नाही. अशा वेळी फाइल तयार होते, पण शून्य बाइटची. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टने कमांड यशस्वी झाली का हे तपासावे आणि फाइलीचा आकारही पाहावा. विंडोजवरील जुन्या पॉवरशेलमध्ये मोठेपणाचे चिन्ह मजकुराचे एन्कोडिंग बदलते आणि फाइल निकामी होते. तेथे बॅकअप आधी कंटेनरच्या आत लिहावा आणि ‘डॉकर कंपोज सीपी’ने बाहेर काढावा.

पीजी_डंप एकाच डेटाबेसपुरते पाहतो. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘पीजी_डंपऑल’ला ‘ग्लोबल्स-ओन्ली’ लावून वेगळी फाइल काढावी. दोन्ही फाइली दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या जागी पोहोचवाव्यात.

मग त्या परत भरून पाहाव्यात. ‘पारख’ नावाचा एक रिकामा डेटाबेस करावा, ‘पीजी_रिस्टोर’ने त्यात बॅकअप ओतावा, मुख्य टेबलांतील नोंदींची संख्या मूळ डेटाबेसशी ताडून पाहावी आणि तो डेटाबेस पुसावा. महिन्यातून एकदा हे केले तरी पुरेसे आहे. परत भरून न पाहिलेल्या फाइलीला मी बॅकअप म्हणत नाही.

आवृत्ती बदलताना

पोस्टग्रेसच्या किरकोळ आवृत्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात आणि त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. त्या घेण्यासाठी बॅकअप काढून ‘डॉकर कंपोज पुल’ आणि मग ‘अप -डी’ एवढेच करायचे असते. डेटाच्या फाइली तशाच वापरल्या जातात. याबाबतीत कंटेनरची पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा निःसंशय सोपी आहे.

मुख्य आवृत्ती बदलणे हे वेगळे काम आहे. प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो, आणि १७ चा आधार नोव्हेंबर २०२९ पर्यंत आहे, त्यामुळे घाईचे कारण नाही. वेळ येईल तेव्हा ॲप्लिकेशन थांबवून दोन्ही बॅकअप काढावेत, कंपोज फाइलीत नवी इमेज, नव्या नावाचा व्हॉल्यूम आणि त्या आवृत्तीला योग्य असा जोडणीचा पत्ता लिहावा. पहिल्या सुरुवातीच्या स्क्रिप्टचा फोल्डर या वेळी जोडू नये, नाहीतर बॅकअपमधील वापरकर्ते आणि स्कीमा आधीच अस्तित्वात असल्याच्या त्रुटी येतात. नवा डेटाबेस उभा राहिला की आधी वापरकर्त्यांची आणि मग डेटाची फाइल त्यात भरावी. पहिल्या फाइलीत ग्रंथपालही असतो आणि तो आधीच असल्याची एक त्रुटी येते. ती अपेक्षित आहे. जुन्या व्हॉल्यूमला हात लावू नये. काही बिनसले तर फाइलीतील त्या तीन ओळी पूर्ववत करून काही मिनिटांत जुना डेटाबेस उभा करता येतो. नव्या आवृत्तीवर ग्रंथसूची अकारविल्हे नीट लागते, देवघेव होते आणि तिचा स्वतःचा बॅकअप परत भरता येतो, हे पाहून झाल्यावरच ‘डॉकर व्हॉल्यूम आरएम’पुढे जुन्या व्हॉल्यूमचे नाव लिहावे.